शेजारी नसलेलं शेत

राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर
मी शेतीचा खेळ तपासते.
पगारी काम आहे. चुका शोधायच्या, नोंदवायच्या.
ट्रॅक्टर झाडातून आरपार गेला. नोंद.
गाईला सावलीच नाही. नोंद.
पाण्याबद्दल मात्र कुणाची तक्रार नव्हती.
बटण दाबलं की सगळं रान एकदम
फिक्या तपकिरीचं गडद तपकिरी होतं,
ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत,
आणि कोपऱ्यात एक निळा थेंब भरत जातो
शंभर टक्क्यांपर्यंत.

शनिवारी लॅपटॉप घेऊन कोग्याला गेले.
तात्या पाणीसंस्थेचे पाटकरी, सव्वीस वर्षं.
पाळीची वही त्यांच्याकडं,
चेंबरच्या किल्ल्या करदोड्याला,
टाचेच्या भेगांत परवाचा चिखल.
म्हटलं, बघा जरा, खरं वाटतंय का.

चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले.
ऊस नव्हताच त्यात. कुठल्याशा थंड मुलखातला मका.
"मोटर कुठाय?"
नाही.
"नदी तर हाय की."
आहे, पण दिसायला. कितीही उपसा, पातळी हलत नाही.
"मग बंधाऱ्याचं बरगं कोण घालतंय?
लाईट कवा येती?"
असतेच, तात्या.
"असतीच?"
हसले नाहीत. कुणाच्या तरी श्रीमंतीबद्दल ऐकावं
तसं ऐकून घेतलं.

मग स्क्रीनवर बोट ठेवलं, तंबाखूचं.
"हितं उतार हाय बघ. पाणी हितंच तुंबणार.
त्या अंगाच्या शेवटच्या चार सऱ्या कोरड्या.
मधी खेकड्याचं बीळ असलं तर समदं बिळात.
तू वरचं दार मोडून येस्तवर
खालचं फुटलेलं असतंय."
मी लिहून घेत होते. उतार. बीळ. फुटलेलं दार.
"आणि बापू चौगल्याचं रान कुठलं ह्यात?"
कुणाचं?
"अगं, कुणाची पाळी सरल्यावर तुझी लागती?"

मी सांगितलं, इथं तुम्ही एकटेच.
सगळं पाणी तुमचंच.
त्यांनी बोट काढून घेतलं.
"मग भांडायचं कुणासंगं," म्हणाले,
आणि पानसुपारी कातरून झाल्यावर,
"रातचं विडीला इस्तू कोण देतंय?"

पावणेदोनला लाईट आली. मीही मागोमाग गेले.
पाटातून आधी आला फेस, मग पाचट,
मग एक गुटख्याची पुडी, मग पाणी.
सरीत शिरलं आणि थांबलं.
कोरड्या मातीनं पहिली ओढ घेतली, चुळचुळ वाजली,
मग एक हात पुढं, परत थांबलं.
बॅटरी मी धरलेली, मोबाईलवर वेळ लावलेली.
एका सरीला अकरा मिनिटं.
उसाच्या पात्यांनी दोन्ही हात कापले,
घामानं चरचरत होते.
बांधावर बापू चौगले, खोऱ्यावर रेलून.
"हिंदुराव, तुमचं घड्याळ धा मिनिटं मागं हाय."
"तुझं म्होरं हाय."
हे वीस वर्षं चाललंय म्हणे.
काडी मात्र बापूंनीच पेटवली,
दोघांनी एकीतच भागवलं.

सोमवारी नोंद केली:
पाणी सगळीकडं सारखं पोचतं. दुरुस्त करावं.
दुपारी वरून उत्तर आलं:
ही चूक नाही, सोय आहे.
बरोबरच आहे. अकरा मिनिटं कोण उभं राहील
पैसे मोजून?

माझ्या एकटीच्या कॉपीत तेवढं केलंय.
शेवटच्या चार सऱ्यांना पाणी पोचत नाही,
आणि रात्री दोनच्या सुमाराला बांधावर
एक माणूस येऊन उभा राहतो.
त्याला काही करता येत नाही. चालताही येत नाही नीट,
पाय जरा मातीत बुडालेले दिसतात.
नुसता घड्याळ बघतो.